पाचव्या भागातलं वाक्य

मंगळवार, ४ जून

लीथ,

हे पत्र डेसच्या हातून येईल. तो दिसतो तसा नाही, दार उघड. पर्थहून मेलबर्नला ट्रक नेतो, आठवड्यातून एकदा आमच्याकडे थांबून स्टेक सँडविच खातो. भावाच्या पत्रपेटीत हे टाकशील का विचारलं तर म्हणाला, "तो टीव्हीवरचा वकील खरंच तुझा भाऊ? मग तू इथे कांदे का सोलतेस?" मी म्हटलं, घरात एक शहाणा पुरे झाला.

फोनच केला असता. पण मोबाइलला इथे एक पट्टीही येत नाही आणि आमच्या या हायवेवरच्या रोडहाऊसचा एकुलता एक फोन गल्ल्यावर आहे. गल्ल्यावर मालक बॅझ बसतो आणि बॅझला तीन तास नवीन काही ऐकायला मिळालं नाही तर तो आजारी पडतो. शिवाय आमचं घड्याळही धड नाही. पश्चिमेपेक्षा पाऊण तास पुढे आणि पूर्वेपेक्षा पाऊण तास मागे. तू झोपलास की जागा आहेस याचा हिशेब करता करता माझा राग निघून जातो, आणि या खेपेला तो जायला नकोय.

मुद्द्यावर येते.

परवा रविवारी तुझ्या मालिकेचा दुसरा भाग झाला. बॅझने फूटीची मॅच बंद करून तुला लावलं, हा केवढा मान आहे ते तुला मेलबर्नमध्ये कळणार नाही. चार ट्रकवाले होते, एक हॉलंडचा सायकलवाला होता (पर्थपर्यंत जाणार म्हणे, गुडघ्याला फडकं बांधून), आमची स्वयंपाकीण बेव्ह आत चिप्स तळत होती. भाग संपल्यावर पुढच्या आठवड्यांतली झलक दाखवली. दहा सेकंद. एक बाई कापलेल्या शेतातून चालतेय, पायांत बूट नाहीत, पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या. आणि वरून तुझा आवाज: "तिचे बूट कुठे होते?"

बेव्ह खिडकीतून बघत होती. तिने तळणीचं बटण बंद केलं. मग कोपऱ्यातले तिचे जाड बूट घेतले आणि पायांत कॅनव्हासचे होतेच, त्यांच्यावरूनच ते चढवायला लागली. जाईनात. तरी ढकलत होती. सायकलवाला हसला. मी पण हसले, लीथ. मला काय माहीत.

जानेवारीत माझ्या गाडीचं इंजिन सेडुनाला फुटलं तेव्हा तूच म्हणालास, पुढे एका रोडहाऊसवर स्वयंपाकीण आहे, माझं नाव सांग, ती काम देईल, मला कुठून ओळखते ते विचारू नकोस. मी नाही विचारलं. मी! पाच महिने!

काल सकाळी तिनेच सांगितलं. आम्ही बटाटे धूत होतो. म्हणाली, "माझा नवरा रोज संध्याकाळी घरातले माझे सगळे बूट त्याच्या गाडीत टाकून कुलूप लावायचा. मी पावाच्या पिशव्या बांधून अकरा किलोमीटर चालले. हे मी जजला नाही सांगितलं. पोलिसांना नाही. सख्ख्या बहिणीला नाही. तुझ्या भावाला सांगितलं. त्याने आधी उठून दार लावलं होतं."

मग म्हणाली, "माझा नवरा टीव्ही बघतो, टेगन."

झलक एवढीच आहे असं तिला वाटतंय. पाचव्या भागात तू शेवटी काय बोलतोस ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मार्चमध्ये तू फोनवरून तो प्रसंग माझ्याकडून वाचून घेतला होतास. पाचवा भाग तेवीस तारखेला. एकोणीस दिवस आहेत. ते वाक्य काढ. बाकी काय ठेवायचं ते ठेव, पण ते वाक्य काढ.

टेगन

शनिवार, ८ जून

लीथ,

फोनवर तू म्हणालास काही लिहू नकोस, कागद मागे राहतात. म्हणून लिहितेय.

गल्ल्यावर उभं राहून शेवटी शेवटी मी नुसतं "हं, हं" करत होते त्याचा अर्थ मला पटत होतं असा घेऊ नकोस. बॅझ समोर बसून एकच ग्लास पुसत होता. तू काय काय म्हणालास ते मी फोन ठेवल्याबरोबर ऑर्डरच्या कागदामागे लिहून ठेवलं, म्हणजे नंतर तू शब्द फिरवायला नको.

"नाव बदललंय. वय बदललंय. गहू होता तिथे बार्ली घातली. कायद्याने ती ओळखू येत नाही."

"कोणाला ओळखू येत नाही?"

"कोणालाही."

"तिच्या नवऱ्याला?"

"टेगन, मी वकिली सोडून सात वर्षं झाली."

"मग आपलं नाव अजून वकिलांच्या यादीत आहे असं मुलाखतीत का सांगतोस?"

"ते... ते चांगलं दिसतं."

तुला राग येईल, पण मी तुझी सगळी वर्षं पाहिलीत. ॲडलेडच्या त्या मोफत सल्ल्याच्या ऑफिसात सहा वर्षं तू दिवसभर रडणाऱ्या बायकांचे अर्ज भरलेस आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नाटकं केलीस. मग राजीनामा. आई चार दिवस जेवली नाही, पाचव्या दिवशी तुझी गादीची जाहिरात लागली तर शेजाऱ्यांना बोलावून आणलं. मग नदीतल्या प्रेताचं काम. मग तीन वर्षं पोलीस नंबर दोन, "साहेब, इथे बघा" एवढंच म्हणणारा. प्रत्येक ऑडिशनची टेप पाठवायला समोरची वाक्यं वाचणारं कोणी लागतं, ते मी वाचायचे. कुठेही असले तरी. मी डार्विनच्या धोबीखान्यातून खुनी झालेय, केर्न्सच्या बस स्टँडवरून तुझी बायको झालेय.

आणि मग ही मालिका. तुला वकिलाचं काम मिळालं, कारण कोर्टात शिरताना मान कशी झुकवायची आणि साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याच्याकडे न बघता कागद कसा उलटायचा ते तुला येतं. बॅझकडे तुझ्या मुलाखतीचं पान भिंतीवर लावलंय. "वकिलीने तुम्हाला काय शिकवलं?" "ऐकायला." मोठ्या अक्षरांत, तुझ्या फोटोखाली.

ते पान बेव्हने काल वाचलं. चष्मा लावून, पूर्ण. मग म्हणाली, "शिकला खरा."

तू सांगितलंस ते मला समजलं. हे खऱ्या अशिलाकडून आलंय असं निर्मात्यांना सांगितलं तर ते आधी त्यांच्या वकिलांना बोलावणार. तुझं नाव यादीतून जाणार. अमेरिकेतल्या कामाचं बोलणं मोडणार. पुढच्या वर्षीची मालिका दुसऱ्याला मिळणार. "मी एकेचाळीस वर्षांचा आहे, टेगन, परत प्रेत व्हायला जाऊ?" असं म्हणालास तेव्हा तुझा आवाज खरा होता. तू कधी खरा बोलतोस ते मला कळतं, अर्धं आयुष्य तुझ्यासमोर वाचलंय.

पण ते वाक्य मी इथे लिहितेच, म्हणजे तुला ते टाळ्यांशिवाय वाचता येईल.

"ती आता तिकडे आहे, जिथे झाडं संपतात. एका रोडहाऊसवर रांधते. क्वांडोंगच्या मुरांब्यात बडीशेप घालते."

झाडं कुठे संपतात ते या देशात शाळेतली पोरंही सांगतील. नलारबोरच्या या बिनझाडी माळावर रोडहाऊस किती? बोटांवर मोज. क्वांडोंगच्या रानफळांचा मुरांबा पुष्कळ जणी करतात. बडीशेप घालून कोण करतं? तिची आई करायची आणि ती करते. त्या माणसाने तो वीस वर्षं खाल्लाय, लीथ.

तू म्हणालास, "दिग्दर्शक रडला त्या वाक्याला." रडू दे.

टेगन

गुरुवार, १३ जून

लीथ,

मंगळवारी दुपारी पांढरी पिकअप आली. दक्षिण ऑस्ट्रेलियाची, म्हणजे ॲडलेडकडची पाटी. पंपापाशी थांबली, पेट्रोल घेतलं नाही, कोणी उतरलं नाही. इंजिन चालू. काचेतून टोपी दिसत होती.

बेव्हने खिडकीतून एकदा पाहिलं आणि मांस ठेवतो त्या थंड खोलीत जाऊन आतून दार ओढून घेतलं.

दहा मिनिटं झाली. वीस. वारा असा सुटला होता की पत्रे थडथडत होते. बॅझ म्हणाला, "पोरी, जाऊन विचार काय हवंय." मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "मी मालक आहे." मग मीच गेले. हातात पाव कापायची सुरी होती, ती मी ॲप्रनमागे धरली होती. काय करणार होते मी तिचं? मला कोंबडी कापतानाही डोळे मिटावे लागतात.

काच खाली झाली. सत्तरीचा म्हातारा. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू बोल. बायको झोपलीय. उठली की थेट नॉर्समनपर्यंत बोलत बसेल."

मागच्या सीटवर खरंच एक बाई तोंड उघडं टाकून झोपली होती.

मी तिथेच हसत सुटले आणि मग रडायला लागले. म्हाताऱ्याने मला पेपरमिंट दिलं.

बेव्ह चाळीस मिनिटं आत होती. बाहेर आली तेव्हा ओठ निळे. मी तिला चहा दिला आणि कप तिच्या दातांवर वाजत असतानाच सगळं सांगून टाकलं. पाचव्या भागाचं. वाक्याचं. आणि मुरांब्याचं तुला कोणी सांगितलं ते.

हो, मी सांगितलं. गेल्या पत्रात ते मी शिताफीने गाळलं होतं, तुझ्या लक्षात आलं असेल. फेब्रुवारीत तुला फोनवर तासभर सांगत होते ना, इथे एक झाड नाही, पण एक बाई आहे जी बडीशेप घालून काय मुरांबा करते म्हणून. तू म्हणालास, "अजून सांग तिच्याबद्दल." मला वाटलं माझी आठवण येतेय तुला.

आणखी एक, हे बेव्हलाही सांगितलं, तुलाही सांगते. बेव्ह बुटांचे चार जोड ठेवते. एक मागच्या दाराशी, एक पलंगाखाली, एक स्वयंपाकघरात, एक तिच्या गाडीत. मी चिडवायचे, एवढे बूट आणि पाय दोनच. मार्चमध्ये तुझी पानं आली, त्यातले बूट मी वाचले आणि माझ्या डोक्यात काहीतरी टक् झालं. तिथेच थांबून तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तू दोन वर्षांनी मला वाचायला बोलावलं होतंस आणि मला चांगलं वाचायचं होतं. बेव्ह आत कणीक मळत होती आणि मी गल्ल्यावर उभी राहून तिचंच बोलणं आवाज काढून काढून वाचत होते.

मला वाटलं ती ओरडेल. तिने माझ्यापुढे कांद्यांची टोपली सरकवली. बराच वेळ आम्ही सोलत होतो.

मग म्हणाली, "मी स्वतः तुझ्या भावाविरुद्ध तक्रार केली तर नाव द्यावं लागेल?"

"हो."

"पत्ता?"

"बहुतेक."

"म्हणजे माझं तोंड उघडलं तरी मीच उघडी पडणार आणि त्याचं बंद राहिलं तरी मीच." कांदा ठेवला. "त्याने मला तेव्हा सांगितलं होतं, बेव्ह... म्हणजे तेव्हाच्या नावाने... दाराच्या आत बोललेलं मी मरेपर्यंत कोणाला सांगू शकत नाही, तू मोकळीक दिलीस तरच. बरोबर?"

"मला कायदा कुठे येतो?"

"मला येतो. त्यानेच शिकवला." आणि ऑर्डरचं पुस्तक ओढून तिने चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, पान चारदा दुमडून चिकटपट्टी लावली. "मी त्याला एका गोष्टीची मोकळीक देतेय. हे अशिलाचं आहे, एवढं तो निर्मात्यांना सांगू शकतो. एवढंच. नाव नाही, गाव नाही. आता त्याला म्हणता येणार नाही की कायदा आडवा येतो."

ते पान या पाकिटात आहे. मी उघडलेलं नाही. सही तुला ओळखू येईल.

दहा दिवस, लीथ.

टेगन

गुरुवार, २० जून

तुझा फोन नाही. मी चार वेळा केला, चारही वेळा तुझ्या एजंटची ती मुलगी. "लीथ सध्या कोणाशीही बोलत नाहीयेत." मी म्हटलं मी बहीण आहे. "हो, बहिणीशीही, असं लिहिलंय."

असं लिहिलंय! म्हणजे यादीच केलीस.

डेस शपथेवर सांगतो की त्याने पाकीट पेटीत नाही, तुझ्या हातात दिलं. तू पायरीवरच फोडलंस, वाचलंस आणि खाली बसलास. "मला वाटलं चक्कर आली," म्हणाला. "पाणी देऊ का विचारलं तर म्हणाला, तुम्ही जा."

बसून पुढे काय केलंस?

तुझ्या निर्मात्यांना मी स्वतः लिहिणार होते. कागद काढला होता. बेव्हने हात धरला. "तुला मी मोकळीक दिलेली नाही," म्हणाली. खरंच, नाही दिलेली. मी कागद चुलीत घातला.

आज सकाळी तिची खोली रिकामी होती. पलंग आवरलेला, बुटांचे चारही जोड गेलेले. तिची गाडी इथेच आहे, चावी बॅझच्या गल्ल्यात. पहाटे तीन ट्रक सुटले, दोन पश्चिमेला, एक पूर्वेला. फ्रीजवर कागद होता: सोमवारी पीठ येईल, मोजून घे. मुरांब्याच्या बरण्या तिने एकूण एक रिकाम्या करून धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

सहा वर्षं ती इथे होती. इतकी वर्षं मी कुठेच राहिलेले नाही, म्हणून मला कळत नाही की किती गेलं. पण बॅझ, ज्याला सगळं विचारायचं असतं, त्याने आज काही विचारलं नाही. दिवसभर तोच ग्लास पुसत होता.

सोमवार, २४ जून

लीथ,

काल मी टीव्ही लावणार नव्हते. बॅझने लावला. "बघितल्याशिवाय तू झोपणार नाहीस आणि तू झोपली नाहीस की नाश्ता जळतो." आमच्यासोबत दोनच ट्रकवाले होते. त्यांना कशातलं काही माहीत नव्हतं, ते चिकन श्निट्झल खात होते.

पिशव्या नव्हत्या. पूर्ण प्रसंगच नव्हता. ती बाई शेतातून चालतेय तो तुकडा गेला होता आणि त्याजागी कोर्टाच्या पायऱ्यांवर पाऊस दाखवला होता, उगीचच, कितीतरी वेळ. एक ट्रकवाला म्हणाला, "पैसे संपलेले दिसतात."

मग शेवट. तू खिडकीपाशी. पोलीस बाई विचारते, "ती कुठे आहे?" आणि तू वळतोस.

ते वाक्य मी तुझ्याबरोबर तीस वेळा केलंय. तुझा श्वास कुठे येतो, "झाडं" म्हणताना आवाज कसा वर जातो, सगळं मला पाठ आहे. तुझे ओठ हलायला लागले आणि मी ते वाचले. जिथे झाडं संपतात. एका रोडहाऊसवर.

पण आवाज म्हणाला, "ती कुठे आहे मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

जुळत नव्हतं. आवाज संपला तरी ओठ हलतच होते. मागून बसवलेला आवाज, थकलेला, सर्दी झाल्यासारखा. तुझं आजवरचं सगळ्यात वाईट काम. ट्रकवाला म्हणाला, "हा काय आवाज लावलाय याला!" बॅझ त्याच्यावर ओरडला, "गप बस आणि खा."

मी मागे जाऊन पिठाच्या पोत्यावर बसले.

तू केलंस. किती दिवस आधी केलंस? एक फोन, लीथ. "केलंय" एवढाच शब्द. ती गुरुवारी पहाटे गेली. बुधवारी जरी कळवलं असतंस तरी चाललं असतं.

नसतंही. तिला काय, बदललेल्या वाक्यावर विसंबून राहायचं होतं का? मला माहीत नाही. मी तुझ्यावर रागावू की नको तेही नाही.

रविवार, ७ जुलै

लीथ,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं तुझं पत्र मला आयुष्यात पहिलंच, अक्षर अजून वकिलाचंच आहे. तू सोमवारी सतराला निर्मात्यांसमोर बसलास, बुधवारी आवाज बदललास, त्यांच्या वकिलांनी तुला कोणाशीही बोलायला बंदी केली आणि तू ती पाळलीस, हे वाचलं. पाळायला नको होती, पण पाळलीस. वकिलांच्या मंडळाला तू स्वतःच पत्र लिहिलंस तेही वाचलं. पुढच्या वर्षी तुझा वकील पहिल्याच भागात गाडीखाली येणार म्हणे. बॅझला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी परत फूटी लावतो," आणि भिंतीवरचं तुझं पान मात्र तसंच ठेवलं. मीही नाही काढलं.

आई फोनवर म्हणाली की तू जेवत नाहीस. जेव. एका घरात एकाच माणसाने न जेवायचं असतं आणि ते काम तिने घेतलंय.

मी इथेच आहे. स्वयंपाक आता माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात तीन ट्रकवाले आजारी पडले, आता कोणी पडत नाही. पुढच्या महिन्यात ब्रूमला मोत्यांच्या बोटींवर माणसं घेतात म्हणे, जावंसं वाटतं आणि मग वाटतं, कोणी तिला विचारत आलंच तर दारात मी असलेली बरी. एक जण आला होता. परवा. साठीचा, टोपी हातात धरून, फार अदबीने बोलणारा. चहा घेतला. इथे पूर्वी कोणी स्वयंपाकीण होती का, म्हणाला. मी म्हटलं, मीच. किती वर्षं? मी म्हटलं, सहा. त्याने माझ्याकडे बघितलं, मी साक्षीदाराकडे न बघता कागद उलटतात तसा ऑर्डरचा कागद उलटला. तो पश्चिमेला गेला. तोच होता की नाही मला माहीत नाही. गाडीचा नंबर बॅझने लिहून घेतलाय आणि सेडुनाच्या पोलिसांना कळवलाय.

तू शेवटी विचारलंस, ती कुठे आहे, एकदाच भेटून माफी मागायची आहे, पत्ता नाही तर निदान गाव सांग.

डेस गुरुवारी येऊन गेला. त्या पहाटे सुटलेल्या तिघांत तो होता. काउंटरवर बसला, सँडविच खाल्लं, माझ्याकडे बघत राहिला. मी विचारायची वाट बघत होता हे मला कळत होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने, गुपितं राखण्यात तो कच्चा आहे.

मी विचारलं, सॉस हवा का.

त्यालाही तू विचारू नकोस. तो पुन्हा तुझ्या दाराशी येईल, हे पाकीट देईल. पाणी दे आणि जाऊ दे.

टेगन